थर्मल कॅमेरा घ्यावा का? मुलुंडमधल्या एका फ्लॅटच्या तपासणीतून निघालेला हिशेब

मुलुंड पूर्वेतली सात मजली इमारत, बांधकाम १९९६चे. चौथ्या मजल्यावरचा ६१० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके विकायला आहे. घेणाऱ्या कुटुंबाला तीन ठिकाणी ओलीचा संशय आला. पहिली जागा बेडरूम आणि बाथरूममधली सामाईक भिंत; तिथे स्कर्टिंगच्या वर रंगाचे पोपडे धरले होते. दुसरी त्याच बेडरूमच्या छताचा कोपरा, त्यावर तपकिरी डाग. तिसरी हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीखालची भिंत, तिच्यावर पांढरे क्षार फुललेले. विकणाऱ्यांचे म्हणणे, डाग जुने आहेत, दुरुस्ती झाली आहे, फक्त रंग राहिला आहे.

तपासणीचे काम दोन सिव्हिल इंजिनिअर मिळून चालवत असलेल्या एका छोट्या फर्मकडे आले. त्यांच्याकडे पिनवाला आणि बिनपिनवाला असे दोन मॉइश्चर मीटर, टाइल ठोकून पोकळी ऐकायचा रॉड, लेझर मीटर आणि तारेतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर होते. पृष्ठभागाचे तापमान रंगांत दाखवणारा थर्मल कॅमेरा नव्हता. तो घ्यावा की नाही यावर वर्षभर चर्चा चालली होती, म्हणून या कामासाठी ३२० × २४० पिक्सेलचा कॅमेरा भाड्याने आणला. ओल कुठून येते हे शोधायचे आणि त्याच निमित्ताने कॅमेरा मुंबईत कितपत उपयोगी पडतो हेही पाहायचे, असे ठरले. महिना ऑगस्टचा, पण त्या आठवड्यात चार दिवस उघडीप होती.

पहिली तासभराची फसगत

सकाळी साडेनऊला खोलीचे तापमान २९ अंश आणि हवेची आर्द्रता ८५ टक्के होती. कॅमेरा बेडरूमच्या भिंतीवर धरताच पडद्यावर गडद निळा पट्टा उमटला. ग्राहकाला तो दाखवला असता तर त्याने लगेच मान्य केले असते की भिंत पाण्याने भरली आहे. पण पट्टीवरचे आकडे सांगत होते की सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार बिंदूंमध्ये फरक जेमतेम ०.४ अंशाचा आहे. स्पॅन म्हणजे रंगपट्टीवर दाखवायचा तापमानाचा पल्ला; कॅमेरा ऑटो स्पॅनवर असला की समोर जो काही फरक असेल तो पूर्ण रंगपट्टीवर ताणून दाखवतो. मग ०.४ अंशही निळा-पिवळा दिसतो आणि १० अंशही. विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकात चित्र इतके ठसठशीत दिसते त्यामागे बहुतेक वेळा हीच सोय असते. स्पॅन हाताने ५ अंशांवर बांधून टाकला, तेव्हा पट्टा जवळपास नाहीसा झाला.

०.४ अंशाचा फरक कॅमेऱ्याला खरोखर दिसतो, कारण अशा कॅमेऱ्यांची संवेदनक्षमता ०.०५ अंशाच्या आसपास असते. मात्र एवढा फरक कपाट नुकतेच सरकवल्यानेही पडतो, कोणी भिंतीला टेकून उभे राहिले तरी पडतो. त्यावर निदान करता येत नाही.

आता ओली भिंत एवढीच गार का, याकडे वळू, कारण मुंबईतल्या सगळ्या थर्मल कामाचे गणित यातच आहे. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही आणि भिंतीच्या आतलेही दिसत नाही. त्याला दिसते ते पृष्ठभागाचे तापमान. ओल पृष्ठभागावर आली की तिथले पाणी वाफ होताना उष्णता घेते, म्हणून तो भाग गार पडतो. तो किती गार पडू शकतो याची मर्यादा हवेच्या वेट बल्ब तापमानाने (ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) ठरते. २९ अंश आणि ८५ टक्क्यांना वेट बल्ब सुमारे २७ अंश येते. म्हणजे निसर्ग जास्तीत जास्त २ अंशांची सवलत देतो आणि प्रत्यक्ष भिंतीवर त्याचा काही भागच मिळतो. जानेवारीत दुपारी ३० अंश आणि ४० टक्के असतील तर वेट बल्ब साडेवीसच्या आसपास येते, तेव्हा साडेनऊ अंशांची जागा असते. पंचाईत अशी की ज्या महिन्यांत भिंती गळतात आणि ग्राहक फोन करतात, त्याच महिन्यांत कॅमेरा सगळ्यात आंधळा असतो.

थंड देशांतल्या तपासनीसांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात घरातल्या आणि बाहेरच्या तापमानात किमान १० अंशांचा फरक हवा असे सांगतात. ते भिंतींमधली उष्णतारोधक भर तपासण्यासाठी आहे. मुंबईत ती भर नसते आणि तो फरकही नसतो. तिकडचे हिशेब वाचून इथे कॅमेरा घेणाऱ्याची निराशा ठरलेलीच.

फरक तयार करावा लागतो

साडेदहाला बेडरूमच्या खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीत टॉवेल लावला, एसी २४ अंशांवर सुरू केला. दीड तासात खोली २५ अंश आणि ५२ टक्क्यांवर आली. एसी हवा गार करतो आणि कोरडीही करतो. वेट बल्ब आता साधारण १८ अंशांवर उतरले. बाष्पीभवनाला वाव मिळाला. भिंतीचा कोरडा भाग २६.५ अंशांवर होता आणि स्कर्टिंगपासून ३५० मिलिमीटर उंचीपर्यंतचा पट्टा २४.७ अंशांवर. फरक १.८ अंशांचा, तोही बांधलेल्या स्पॅनवर. पट्ट्याची वरची कड सरळ नव्हती, लाटेसारखी होती, आणि गिलाव्यातून वर चढणारी ओल अशीच दिसते.

पण याच चित्रात छताच्या कोपऱ्यातला डागही गार दिसत होता, आणि तोही २.१ अंशांनी. भिंतीपेक्षा जास्त! इथे मीटर नसता तर वरच्या फ्लॅटच्या बाथरूमवर ठपका येऊन दोन कुटुंबांत वाद पेटला असता. स्टुलावर चढून बिनपिनवाल्या मीटरने १५-१५ सेंटिमीटरच्या चौकटीत नोंदी घेतल्या. डागावरचे वाचन आणि छताच्या स्वच्छ भागावरचे वाचन सारखेच आले. एसीचे इनडोअर युनिट त्या कोपऱ्यापासून चार फुटांवर होते आणि त्याचा झोत थेट तिथे लागत होता. एसी बंद करून पंखा लावला, वीस मिनिटांत गार भाग विरघळून गेला. ओल असती तर तो टिकला असता. डाग खरोखर जुना होता.

खिडकीखाली नेमके उलट घडले. पिनवाल्या मीटरने तिथे लाल दिवा दाखवला, पण कॅमेऱ्यात भिंत सगळीकडे सारखीच होती. पिनवाला मीटर दोन सुयांमधून वीज किती सहज जाते ते मोजतो, आणि क्षार विजेला वाट देतात. त्याची पट्टीही लाकडासाठी आखलेली असते. गिलाव्यावर तिचा आकडा टक्केवारी म्हणून वाचायचा नसतो, आजूबाजूच्या कोरड्या भागाशी तुलना करायची असते. त्या दिवशी भिंत कोरडी होती. म्हणून ती गळत नाही, असे मात्र होत नाही, कारण चार दिवस पाऊसच नव्हता. मग पाइपने खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, आधी खालच्या छज्ज्यावर आणि नंतर चौकटीवर, हलक्या फवाऱ्याने पाणी मारले. छज्ज्यावर वीस मिनिटे मारूनही काही झाले नाही. चौकटीवर मारल्यावर बाराव्या मिनिटाला सरकत्या खिडकीच्या ट्रॅकच्या डाव्या कोपऱ्यातून एक बारीक गार रेघ आतल्या भिंतीवर उतरताना कॅमेऱ्यात दिसली. नुसत्या डोळ्यांना तोपर्यंत काहीच दिसत नव्हते. कॅमेऱ्याची खरी करामत इथे आहे: गळती घडत असताना ती वाट पकडणे.

फवारा नेहमी खालून वर न्यायचा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि कुठल्या फटीतून आत आले हे कळत नाही.

बाथरूमची भिंत: पाइप की वॉटरप्रूफिंग?

सामाईक भिंत ओली आहे हे पक्के झाले. दुरुस्तीचा खर्च मात्र कारणावर ठरतो. भिंतीतला गरम पाण्याचा पाइप गळत असेल तर एक पट्टा फोडून सांधा बदलता येतो. बाथरूमच्या फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले असेल तर सगळे काढावे लागते: टाइल्स, बुडीव स्लॅबमधली भर, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या सापळ्याचा) सांधा.

आधी पाइप तपासला. २५ लिटरचा गीझर पूर्ण तापवला आणि मिक्सरमधून दहा मिनिटे गरम पाणी सोडले. बेडरूमच्या बाजूने भिंतीवर सुमारे ९०० मिलिमीटर उंचीला एक गरम रेघ उमटली, कडा स्पष्ट आणि रुंदी सगळीकडे सारखी. पाइप गळत असता तर गळतीच्या जागी रेघ फुगली असती आणि खाली ओघळली असती. पाणी बंद केल्यावर रेघ हळूहळू फिकी होत गेली, कुठेही डबके राहिले नाही. गरम लाइन सुटली. गार पाण्याच्या लाइनला ही युक्ती लागू पडत नाही, कारण टाकीतले पाणी आणि भिंत यांच्या तापमानात फारसे अंतर नसते. म्हणून फ्लॅटचे सगळे नळ बंद करून लाइनला प्रेशर पंपाने ५ बार दाब दिला आणि अर्धा तास काटा पाहिला. काटा हलला नाही.

राहिले वॉटरप्रूफिंग. नहाणी ट्रॅपला रबरी बोळा लावला, उंबऱ्याच्या आत ३० मिलिमीटर पाणी भरले, पातळीवर मार्करने खूण केली आणि २४ तास ठेवले. दुसऱ्या दिवशी एसीची तीच पद्धत पुन्हा केली, तेवढाच वेळ आणि तेवढाच स्पॅन. बेडरूमच्या बाजूचा गार पट्टा ३५० मिलिमीटरवरून ५०० मिलिमीटरवर चढला होता, आणि सगळ्यात गार भाग नहाणीच्या नेमका मागे होता. फरशी आणि भिंत जिथे भेटतात तिथला वाटा (कोपऱ्यात सिमेंटने दिलेली गोलाई) फुटला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची परवानगी घेऊन त्यांच्या बाथरूमचे छतही पाहिले. नहाणीखाली क्षारांचे वर्तुळ होते आणि मीटरचे वाचन चढे. या दोन दिवसांत वरच्या मजल्याचा संबंध कुठेही आला नाही.

इथे सोसायटीच्या नियमांचा मुद्दा येतो. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या भिंतींतून आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमधून होणाऱ्या गळतीचा खर्च सोसायटीचा, आणि संडास-बाथरूम, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटच्या सभासदाचा. म्हणजे बाथरूमचे काम फ्लॅटच्या मालकाचे. खरेदीच्या बोलणीत हा खर्च वजा मागायला घेणाऱ्यांना आधार मिळाला. अहवालात जबाबदारी कोणाची हे लिहिलेले नव्हते. पाणी कुठून कुठे गेले एवढेच लिहिले होते, आणि ते योग्यच झाले.

विजेच्या बोर्डाला फक्त वीस मिनिटे लागली. गीझर आणि एसी एकत्र चालू ठेवून पंधरा मिनिटांनी पाहिले. गीझरच्या एमसीबीचा वरचा टर्मिनल ६१ अंश, शेजारचा एसीचा ४३ अंश, आणि क्लॅम्प मीटरवर दोन्हींचा प्रवाह साधारण ८ अँपिअर. सारख्या प्रवाहावर एवढा फरक म्हणजे सैल स्क्रू. परवानाधारक वायरमनने मेन बंद करून कव्हर उघडले, तर तार नुसती टेकलेली होती. लोड न देता बोर्डाचा फोटो काढणे व्यर्थ आहे, कारण सांध्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह निम्मा झाला की उष्णता पाव होते आणि दोष लपतो.

पैशांचा हिशेब

फर्मने मग स्वतःचे आकडे मांडले. मिळालेल्या कोटेशनमध्ये २५६ × १९२ पिक्सेलचा कॅमेरा ८८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १५,८४०, म्हणजे १,०३,८४०. ट्रायपॉड, जादा बॅटरी आणि कार्ड ४,०००. एका जणाचे लेव्हल १ प्रशिक्षण ४०,०००. एकूण १,४७,८४०. कॅमेऱ्याचे आयुष्य चार वर्षे धरले तर दर वर्षी ३६,९६०, आणि वार्षिक कॅलिब्रेशनचे ९,००० मिळून ४५,९६०.

ग्राहकाकडून थर्मल तपासणीचे जादा १,५०० रुपये घ्यायचे ठरत होते. भागायला ३१ कामे लागतात, असे पहिल्या फटक्यात वाटते. पण एसी चालवून वाट पाहणे, छायाचित्रे निवडणे, अहवाल लिहिणे यात किमान पन्नास मिनिटे जादा जातात. तासाला ५०० रुपये धरले तर ४१७ रुपये तिथेच गेले, हातात १,०८३ उरले. मग ४३ कामे लागतात. भाड्याचा दर दिवसाला २,५०० होता. प्रशिक्षण दोन्ही वाटांनी लागतेच, ते बाजूला ठेवले तर स्वतःच्या कॅमेऱ्याचा वार्षिक खर्च ३५,९६० पडतो. म्हणजे वर्षात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस कॅमेरा लागत असेल तर भाडे महाग पडते.

हे दोन आकडे वेगळे ठेवले पाहिजेत, आणि बहुतेक जण इथेच घोळ करतात. पंधरा दिवसांच्या पुढे विकत घेणे भाड्यापेक्षा स्वस्त आहे, हे खरे. पण पंधरा ते त्रेचाळीस कामांच्या मधल्या पट्ट्यात कॅमेरा स्वस्त पडूनही सेवा तोट्यातच असते. तोटा फीमध्ये आहे. मुलुंडच्या या कामात दोन दिवस, पाणी भरण्याची चाचणी आणि प्रेशर टेस्ट गेली. ते काम १,५०० रुपयांत बसणारे नव्हतेच. फर्मने म्हणून दोन दर केले: साध्या तपासणीत थर्मल फेरी १,५०० आणि ओलीचे कारण शोधण्याचे दोन दिवसांचे काम वेगळ्या दराने.

मागणीचा एक भाग जुन्या इमारतींच्या बाहेरचाही आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत संरचनेतला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ज्या सोसायट्यांचे पाचवे वर्ष सरत आले आहे, त्यांना बाहेरच्या भिंती आणि बाथरूम तपासून घेण्यात खरा अर्थ आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट लागते, पण तिथे थर्मल चित्र काँक्रीट तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर किंवा अल्ट्रासोनिक चाचणीची जागा घेत नाही. तसे भासवणाऱ्याला काम देऊ नये.

कुठला कॅमेरा

फोनला लावायचा १६० × १२० चा कॅमेराही त्याच भिंतीवर धरून पाहिला. ५० अंशांच्या भिंगाने १ मीटरवरून त्याचा एक पिक्सेल भिंतीवर सुमारे ६ मिलिमीटरचा पडतो, ३ मीटरवरून साडेसतरा मिलिमीटरचा. तापमान भरवशाने मोजायला किमान ३ × ३ पिक्सेल लागतात, म्हणजे ३ मीटरवरून ५२ मिलिमीटरपेक्षा लहान गोष्टीचा आकडा खोटा. बाथरूमच्या भिंतीला तो चालला, खिडकीची बारीक रेघ मात्र तीन फुटांच्या आत गेल्यावरच दिसली. रस्त्यावरून सातव्या मजल्याच्या टाइल्स तपासायच्या म्हटले तर २५ मीटरवर एक पिक्सेल जवळपास १५ सेंटिमीटर रुंद होतो (ते काम ३२० × २४० लाही या भिंगाने जमत नाही).

निवड २५६ × १९२ वर थांबली. अटी चार होत्या: संवेदनक्षमता ०.०५ अंश किंवा त्याहून चांगली, स्पॅन हाताने बांधता येणे, प्रत्येक पिक्सेलचे तापमान साठवणारी रेडिओमेट्रिक फाइल, आणि थर्मलसोबत साधा फोटोही. स्पॅन बांधता येत नाही असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण आधीचे आणि नंतरचे चित्र त्यात जुळवताच येत नाही. चकचकीत टाइल्स आणि काचेवर काढणाऱ्याच्या अंगाची उष्णता परावर्तित होते, त्यामुळे समोर न राहता तिरके उभे राहायचे. डाग आपल्यासोबत सरकला तर ते आपलेच प्रतिबिंब. स्टीलचा नळ किंवा अॅल्युमिनियमची चौकट मोजायची तर त्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप लावून टेपचे तापमान वाचायचे.

फर्मने कॅमेरा लगेच घेतला नाही. आधी दुसऱ्या साथीदारासाठी बिनपिनवाला मीटर आणि आर्द्रता मोजणारा एक चांगला हायग्रोमीटर घेतला, एकाचे प्रशिक्षण उरकले आणि सहा महिने भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढायचे ठरवले. प्रत्येक कामाच्या नोंदीत चार रकाने ठेवले आहेत: खोलीचे तापमान व आर्द्रता, बांधलेला स्पॅन, कॅमेऱ्याचे उत्तर, आणि मीटर किंवा पाण्याच्या चाचणीने दिलेले उत्तर. शेवटचे दोन रकाने किती वेळा जुळत नाहीत हे त्यांना पाहायचे आहे. सहा महिन्यांत भाड्याचे आठ दिवस भरले तर कॅमेरा येईल. आणि पहिल्या वर्षी ४३ कामे झाली नाहीत, तर थर्मल फेरीचा दर वाढवला जाईल. पन्नास मिनिटांतला एकही मिनिट कापायचा नाही, यावर दोघांचे एकमत आहे.